शंकेला पुरून उरलेली आकडेमोड

शाळेत आम्ल-आम्लारींचा धडा शिकलेल्यांना अर्‍हेनिअस हे नाव परिचयाचे असते. पण पृथ्वीच्या तापमानवाढीचा वाद ज्या आकडेमोडीपासून सुरू झाला, तीही याच माणसाची, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

स्वान्ते अर्‍हेनिअसचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९चा, स्वीडनमधल्या उप्सालाजवळचा. तिसऱ्या वर्षी तो आपला आपण वाचायला शिकला. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युत्भारित कण सुटे होतात, असे त्याने १८८४ साली डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडले. प्राध्यापकांना ते पटेना. त्यांनी खालची श्रेणी देऊन त्याची बोळवण केली. याच कामासाठी त्याला १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले!

१८९४च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने एक वेगळेच कोडे हाती घेतले. हिमयुगे कशामुळे आली? हवेतला कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो, हे टिंडॉलच्या प्रयोगांनी आधीच दाखवले होते. हा वायू कमी-जास्त झाला तर तापमान किती बदलेल, याचा हिशेब अर्‍हेनिअस वर्षभर हाताने करत राहिला. त्याच काळात त्याचा संसार मोडत होता. १८९६ साली उत्तर प्रसिद्ध झाले: वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच ते सहा अंशांनी तापेल.

लगेच शंका आली, आणि तीही त्याच्याच देशातून. १९०० साली क्नूट ऑंगस्ट्रॉम या भौतिकशास्त्रज्ञाने नळीत हा वायू भरून प्रयोग केला. वायू कमी करूनही शोषली जाणारी उष्णता फारशी घटली नाही. शिवाय पाण्याची वाफ तीच उष्णता शोषते, मग या वायूची मातब्बरी ती काय? शंका प्रामाणिक होती. बहुतेकांना ती पटली आणि विषय कित्येक वर्षे मागे पडला.

चूक कुठे होती, ते नंतर कळले. हवा म्हणजे एक नळी नव्हे, थरांवर थर असतात. वरच्या विरळ, थंड, कोरड्या थरांत वायू वाढला की अवकाशात निसटणारी उष्णता कमी होते. आज सूर्याकडे बोट दाखवणाऱ्यांनाही याच थरांत उत्तर मिळते. सूर्य कारण असता तर वरचे थरही तापले असते. मोजमापे सांगतात, खालची हवा तापली आणि वरची थंडावली. कक्षेतल्या बदलांनी हिमयुगे येतात-जातात हे खरेच, पण त्यांना हजारो वर्षे लागतात.

अर्‍हेनिअस काही देवमाणूस नव्हता. त्याच्या सिद्धांतावर शंका घेणाऱ्या मेंडेलिव्हला नोबेल मिळू नये यासाठी त्याने वजन खर्च केले, असे इतिहासकार सांगतात. त्याचा आकडाही जास्तच निघाला. आजचा अंदाज तीन अंशांच्या आसपास आहे.

त्याची सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच होती. कोळसा जाळून हवा बदलायला फार मोठा काळ लागेल आणि थोडी ऊब आली तर थंड देशांचे भलेच होईल, असे त्याला वाटे. २ ऑक्टोबर १९२७ रोजी तो गेला. १९५८ साली हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२०च्या वर गेला आहे.