शेतावरचा पोरगा आणि शेपूटवाले पाहुणे

एम-थ्रीची केटी बसली त्या सुट्टीत मी मुरबाडला घरीच होतो. रात्री लाईट गेली की ओट्यावर पडून आकाश बघायचं, दुसरा उद्योग नव्हता. शहापूरच्या रूममेटने दिलेली आर्थर क्लार्कची ‘चाइल्डहूड्स एंड’ तेव्हा वाचली आणि मग लेखकाचाच माग काढला.

हाही शेतावरचा पोरगा निघाला. जन्म १९१७ चा, इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा. वडील लवकर गेले, आईने शेत सांभाळलं. कॉलेजला पैसे नाहीत म्हणून सरकारी हिशेबतपासणीची नोकरी धरली. महायुद्धात हवाई दलात रडारवर काम केलं. डिग्री मिळाली १९४८ मध्ये, तिशीत, पण फर्स्ट क्लास! (केटीवाल्यांनी नोंद घ्यावी.)

खरं काम मात्र त्याआधीच झालं होतं. १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्याने मांडलं की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरेल, म्हणजे खालून एकाच जागी दिसेल. असे तीन उपग्रह जवळजवळ सगळ्या जगाला पुरतील. पेटंट काही घेतलं नाही. आपला माळशेज घाट चढून जुन्नरकडे गेलं की नारायणगावजवळ आर्वी लागते. तिथे सत्तरच्या दशकात विक्रम उपग्रह केंद्र उभं राहिलं, ते याच हिशेबावर. १९५६ पासून क्लार्क श्रीलंकेत राहिला. १९७५ च्या ‘साईट’ प्रयोगात उपग्रहावरून आपल्या खेड्यांत टीव्ही पोचला, तेव्हा इस्रोने एक अँटेना त्याच्या घरीही बसवली.

आणि या माणसाने १९५३ च्या कादंबरीत काय लिहावं? परग्रहवासी येतात, शहरांवर यानं उभी करतात, युद्ध बंद पाडतात. पन्नास वर्षं तोंड दाखवत नाहीत, कारण त्यांना शिंगं आणि शेपूट असते! सगळीकडे सुबत्ता, पण माणसाला ताऱ्यांकडे जायची बंदी. शेवटी पोरं माणूसच राहत नाहीत. पुस्तकातली मतं लेखकाची नाहीत, अशी टीप क्लार्कने सुरुवातीलाच टाकली होती. २००८ मध्ये तो कोलंबोत वारला.

रूममेट म्हणाला, युद्ध थांबत असेल तर शेपूटवाले चालतील की. मी म्हटलं, शहापूरचा असून तू हे बोलतोस? तानसा, भातसा तुमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात तुमच्या पाड्यांवर टँकर. तेही कोणीतरी वरूनच, सगळ्यांच्या भल्यासाठी ठरवलं होतं ना?

गडी गप्प झाला. पुस्तक अजून माझ्याकडेच आहे.