वकिली सोडून कुलपं करणारा माणूस

सुरुवातीलाच दोन कबुल्या. पहिली, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. दुसरी जरा गंभीर आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यामुळे माझ्या आजीचा हात मोडला.

झालं असं, की आमच्या बिल्डिंगमध्ये लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या. आई-बाबा दोघंही नोकरीवाले, दिवसभर घरी आजी एकटी. घरात बर्गलर अलार्म बसवायचं ठरलं आणि मी इलेक्ट्रॉनिक्सची, म्हणून निवड माझ्यावर सोपवली गेली. मी तीन कोटेशन्स मागवली आणि ज्याचं माहितीपत्रक सगळ्यात चकचकीत, त्याला होकार दिला. तो म्हणाला होता की ही सिस्टीम शंभर टक्के सेफ आहे. एका तासात बसवून, पैसे घेऊन तो गेलासुद्धा. चौथ्या रात्री दोन वाजता सायरन बोंबलायला लागला. आजी अंधारात उठून धावली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. चोर कोण होता? एक पाल. हॉलमधल्या सेन्सरच्या काचेवर ती आरामात बसली होती. हा सेन्सर उष्णतेची हालचाल टिपतो, इतकं मला अभ्यासामुळे माहीत होतं. पण तो ट्यूबलाइटच्या शेजारी, जिथे किडे आणि पाली हमखास येतात, तिथे लावू नये हे ना मला सुचलं, ना त्याला. सकाळपासून त्याचा फोन लागेना.

आजी प्लॅस्टर घालून बसली होती आणि मी तिच्या खोलीत गोदरेजच्या जुन्या कपाटाला टेकून. आजीने लग्नात घेतलेलं ते कपाट अजून कुरकुरत नाही. हे गोदरेज म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न मला विसाव्या वर्षी पहिल्यांदा पडला. मग जे वाचलं ते तुम्हाला सांगते.

अर्देशीर गोदरेज यांचा जन्म १८६८ सालचा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. सहा भावंडांत थोरले. लग्नानंतर थोड्याच काळात, १८९१ मध्ये, त्यांची तरुण पत्नी बच्चूबाई राजाबाई टॉवरवरून पडून गेली. सोबत नात्यातली आणखी एक मुलगी होती, तीही गेली. त्या प्रकरणाने सारी मुंबई हादरली होती. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

शिक्षण कायद्याचं. १८९४ मध्ये ते एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. तिथे अशिलाच्या बाजूने असं काही बोलायची वेळ आली, की जे खरं आहे याची त्यांना स्वतःला खात्री नव्हती. ते बोलले नाहीत. खटला गेला आणि वकिलीही गेली. परत येऊन त्यांनी केमिस्टकडे नोकरी धरली आणि शस्त्रक्रियेची अवजारं बनवायचं ठरवलं. वडिलांच्या स्नेह्यांकडून, मेरवानजी कामांकडून, तीन हजार रुपये कर्ज घेतलं. माल उत्तम झाला, पण विकणाऱ्या इंग्रज कंपनीला त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको होता. अर्देशीर अडून बसले. धंदा बुडाला. आपण असतो तर म्हणालो असतो, जाऊ दे ना यार, शिक्क्यात काय आहे!

पुढे वर्तमानपत्रात मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांनी वाचली. (आमच्या बिल्डिंगची आठवण आलीच.) चांगली कुलपं तेव्हा विलायतेहून यायची. कामांकडूनच पुन्हा पैसे घेऊन ७ मे १८९७ रोजी त्यांनी लालबागला गॅस कंपनीजवळ एका छोट्या शेडमध्ये डझनभर कारागीर घेऊन कुलपं बनवायला सुरुवात केली.

इथे आपल्यासारख्यांना आवडेल अशी गंमत आहे. साध्या लिव्हर कुलपात चावी प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीपर्यंत उचलते, मगच दांडा सरकतो. चोर तारेने चाचपडतो तेव्हा एखादी पट्टी जास्त उचलली जातेच. ‘डिटेक्टर’ जातीच्या कुलपात अशी पट्टी वरच अडकते आणि कुलूप जाम होतं. मग खऱ्या चावीनेसुद्धा ते लगेच उघडत नाही, आणि मालकाला कळतं की कोणीतरी हात लावून गेलंय. ही कल्पना इंग्लंडमध्ये १८१८ पासून होती, अर्देशीर यांनी तिच्यासारखं कुलूप इथे बनवलं. बॅटरी नाही, वायर नाही, तरी अलार्मच की! पालीने मात्र तो वाजत नाही. स्प्रिंगा मोडतात म्हणून त्यांनी बिनस्प्रिंगचं कुलूपही काढलं.

१९०२ च्या सुमारास तिजोऱ्या आल्या. कामांनी कर्ज परत घ्यायला नकार दिला आणि आपल्या पुतण्याकडे, बॉइसकडे, लक्ष द्यायला सांगितलं. अर्देशीर यांनी त्याला भागीदार केलं. तो लवकरच बाहेर पडला, पण त्याचं नाव त्यांनी कंपनीवरून काढलं नाही. धाकटे भाऊ पिरोजशा आले आणि कारखाना वाढला. १९१८–१९ च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण निघाला. १९२१ मध्ये त्यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. पण देशी आहे म्हणून वाईट माल खपवून घ्या, हे त्यांना कधीच पटलं नाही. धंदा पिरोजशांवर सोपवून ते नाशिककडे शेती करायला गेले आणि १९३६ मध्ये वारले. पुढे १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या याच कंपनीने विक्रोळीत बनवल्या. देशाने आपलं मत ज्या पेटीत बंद करायचं, ती पेटी कोण बनवतो याला महत्त्व असणारच.

हे वाचल्यावर मी दुसरा अलार्मवाला शोधला, पण या वेळी माहितीपत्रक बाजूला ठेवलं. फक्त प्रश्न विचारले. लाइट गेली तर बॅटरी किती तास चालते? वायर कापली तर आम्हाला कळेल का? बिघडलं तर कोण येणार आणि किती दिवसांत? जे उत्तम उत्तर देणारे होते त्यांतल्या एका काकांनी आधी अख्खं घर पाहिलं, आजीला रात्री उठायची सवय आहे का ते विचारलं आणि हा अलार्म काय काय करू शकत नाही हे स्वतःहून सांगितलं. मागच्या खिडकीला अलार्मपेक्षा आधी चांगलं ग्रिल लावा, म्हणाले, आणि ग्रिलचं काम ते करत नव्हते! मी तिथेच हो म्हटलं. हॉलमधला सेन्सर आता कोपऱ्यात आहे, ट्यूबलाइटपासून लांब. रात्री आजीच्या खोलीजवळचा भाग बंद ठेवता येतो. कोड तिने स्वतः ठरवला आहे आणि तो मलाही सांगत नाही.

आजीचा हात आता बरा आहे, थंडीत थोडा दुखतो. तो दुखला की ती काही बोलत नाही, पण मला कळतं.

परवा लॅबमध्ये आमच्या ग्रुपची रीडिंग्ज जुळत नव्हती. सिनियरच्या जर्नलमधली उतरवायचं जवळजवळ ठरलं होतं. सबमिशन दुसऱ्या दिवशी, कोण बघतंय? मला उगाचच झांझिबारचं कोर्ट आठवलं. आम्ही आलेली रीडिंग्ज तशीच लिहिली आणि खाली चुकीचं संभाव्य कारण लिहिलं. मार्क कमी पडले. पण उद्या आपण बनवलेली वस्तू कोणाच्या तरी आजीच्या हॉलमध्ये लागणार आहे, आणि तेव्हा आपला फोन लागला पाहिजे, एवढं मला समजलं आहे.