मोडीतून वेचलेले वैभव

कृष्णा-तारळी संगमावरील उंब्रजसारख्या बाजारपेठेच्या गावात एखाद्या जुन्या किराणा दुकानाचा माळा उतरवला, की चहा-बिस्किटांचे पत्र्याचे डबे, जाहिरातींच्या एनॅमलच्या पाट्या, रंग उडालेला एखादा ट्रे हाती लागतो. पूर्वी हा माल थेट भंगारात जाई. आता शहरांतील हौशी संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात. घरातील साध्या वस्तूही इतिहासाचा ऐवज असतात, ही दृष्टी मराठी समाजात रुजविण्याचे मोठे श्रेय पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांच्याकडे जाते.

१० जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले केळकर मूळचे कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने त्यांनी काव्यलेखन केले. मराठेशाहीच्या इतिहासाची त्यांना विलक्षण ओढ होती. चरितार्थासाठी मात्र चष्म्यांचा व्यवसाय होता. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि पुढे तोच त्यांच्या आयुष्याचा मुख्य उद्योग झाला.

काळही तसाच होता. वाडे रिकामे होत होते, विजेच्या दिव्यांनी समया आणि लामणदिवे अडगळीत ढकलले होते, पितळी भांडी वजनावर मोडीत निघत होती. तलवारी, नाणी आणि राजचिन्हे जपणारे पुष्कळ होते. अडकित्ता कोण जपणार? केळकरांनी तो जपला. घोड्याच्या, मोराच्या, स्त्री-पुरुषांच्या आकाराचे अडकित्ते, चुनाळी, पानदाने, दौती, फण्या, टाचा घासायच्या वज्री, शेवेचे सोरे, कोरीव दारे, वाद्ये असे जे जे कारागिराच्या हाताने घडले आणि माणसांच्या हाताळण्याने गुळगुळीत झाले, ते त्यांनी गावोगाव हिंडून मिळविले. यांतील बहुतेक वस्तूंवर घडविणाऱ्याचे नाव नाही. स्वतः अज्ञातवासी म्हणवून घेणाऱ्या कवीला या अनाम कारागिरांविषयी जिव्हाळा वाटावा, यात नवल नाही.

या छंदामागे सरकारी अनुदान नव्हते की संस्थानचा खजिना. पदरचा पैसा आणि पत्नी कमलाबाईंची साथ एवढ्यावरच हा संसार चालला. एकुलता एक मुलगा राजा बालवयातच गेला. त्या दुःखानंतर संग्रहाला त्याचेच नाव मिळाले. त्यामुळे ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावातील राजा कोणी संस्थानिक नव्हे, हे अनेक पुणेकरांनाही ठाऊक नसते.

१९६२ च्या सुमारास संग्रहातील वस्तूंची संख्या १५ हजारांच्या घरात गेली होती. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. एवढा ऐवज बाजारात नेला असता, तर मोठी संपत्ती हाती आली असती. केळकरांनी तो विकला नाही, वाटूनही टाकला नाही. अखंड संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

१९९० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुण्यात बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठेतील या संग्रहालयात आज २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. प्रेक्षकांसमोर मांडता येतात त्या जेमतेम अडीच हजार. उरलेल्या अजूनही पेट्या-कपाटांतच आहेत.