विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (२७ एप्रिल १८९९ – ७ मार्च १९७१) हे स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील जगद्विख्यात भारतीय शल्यचिकित्सक होते. गर्भपात रोखण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाशी घातला जाणारा ‘शिरोडकर टाका’ त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

== जीवन ==
त्यांचा जन्म गोव्यातील शिरोडा या गावी झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९२७ साली ते एम.डी. झाले आणि १९३१ साली इंग्लंडमध्ये त्यांनी एफ.आर.सी.एस. ही पदवी संपादन केली. पुढे त्याच महाविद्यालयात व जे. जे. रुग्णालयात त्यांनी अध्यापन आणि शस्त्रक्रिया केल्या.

== श्रोणीची रचना आणि शस्त्रक्रिया ==
शिरोडकरांचे कार्य समजण्यासाठी श्रोणीची रचना ध्यानात घ्यावी लागते. दोन बाजूंच्या नितंबास्थी, मागे त्रिकास्थी व तिच्याखाली माकडहाड मिळून हाडांचे कडे तयार होते. या कड्याला हाडांचा तळ मात्र नसतो. तेथे केवळ स्नायूंचा पडदा असतो. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि मध्ये गर्भाशय अशी अवयवांची मांडणी असते. गर्भाशयाच्या ग्रीवेपासून निघून गुदाशयाच्या दोन्ही अंगांनी त्रिकास्थीकडे जाणारे बंध गर्भाशयाला मागून धरून ठेवतात. बाळंतपणात हे आधार ताणले गेले की गर्भाशय खाली सरकते. यालाच बोलीभाषेत ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. लज्जेपोटी स्त्रिया हे दुखणे वर्षानुवर्षे लपवीत असत.

पूर्वापार मँचेस्टर शस्त्रक्रियेत ग्रीवेचा भाग कापून टाकला जाई. त्यामुळे पुढील गर्भधारणा व प्रसूती अवघड होत असे. तरुण स्त्रीच्या दृष्टीने ही किंमत फार मोठी होती. शिरोडकरांनी ग्रीवा न कापता मागचे बंध तिच्यापासून सोडवून पुढे आणून जोडण्याची पद्धत काढली. ज्यांचे मूळचे बंधच दुबळे, त्यांच्यासाठी त्यांनी गर्भाशयाला मागून त्रिकास्थीच्या वरच्या उंचवट्याशी पट्टीने बांधून घेण्याची शस्त्रक्रिया योजली.

== शिरोडकर टाका ==
काही स्त्रियांचा गर्भ निरोगी असूनही चौथ्या ते सातव्या महिन्यांत पडतो, कारण वाढत्या भाराने ग्रीवा वेदनांविना उघडते. शिरोडकरांनी मूत्राशय वर सारून ग्रीवेच्या आतील मुखाच्या पातळीवर तिच्याभोवती पट्टी बांधली. नाव ‘टाका’ असले तरी प्रारंभी त्यासाठी दोरा नव्हे, तर रुग्णेच्याच मांडीतील स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी वापरली जाई. ही पद्धत त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियाचे डॉ. मॅकडोनल्ड यांनी १९५७ साली मूत्राशय न हलविता घालावयाचा सोपा टाका सुचविला. तो आज अधिक प्रचलित असला तरी टाका उंचावर हवा असल्यास शिरोडकर पद्धत अद्याप वापरली जाते.

== अन्य कार्य व सन्मान ==
वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना मातृत्व देणारे शिरोडकर कुटुंबनियोजनाचेही पुरस्कर्ते होते. १९६० साली त्यांचे संशोधनपर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. निधनाच्या वर्षी, १९७१ मध्ये, ते पद्मविभूषणाचे मानकरी ठरले.