मावळभूमीचे सेनापती : कै. पांडुरंग महादेव बापट

मुळशी परिसरात दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांना ताम्हिणीच्या वाटेवर जलाशयाचा विस्तीर्ण देखावा मन मोहून टाकतो. या शांत पाण्याखाली एके काळी नांदती गावे, देवळे व भातखाचरे होती, हे मात्र अनेकांस ठाऊक नसते. त्या गावांसाठी ज्यांनी आपले सर्वस्व पणाला लावले, त्या सेनापती बापट यांचे हे अल्पचरित्र.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शिक्षणानंतर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी एडिंबरो येथे गेले. सुखासीन नोकरीचा मार्ग समोर मोकळा असता त्यांनी क्रांतिकार्याचा खडतर मार्ग पत्करला. पुढे मायदेशी त्यांना अज्ञातवास व कारावास भोगावा लागला. सुटकेनंतर पारनेर येथे हा उच्चविद्याविभूषित पुरुष पहाटे हाती झाडू घेऊन रस्ते स्वच्छ करीत असे. ज्या कामास समाज हलके मानतो, तेच त्यांनी सेवा म्हणून स्वीकारले.

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याची योजना आखली. या पाण्याने मुळशी पेट्यातील सुमारे ५० गावे बाधित होणार होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार कंपनीस दिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या शुभदिनी, सुमारे १२०० मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह आरंभिला व काम थांबले. बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे नेते या लढ्यात अग्रभागी होते. या लढ्यानेच बापटांना सेनापती ही पदवी लाभली.

पुढे प्रश्न मोबदल्याचा झाला. पेट्यातील बरीच जमीन पुण्यातील सावकारांच्या नावे होती. त्यांना जमीन म्हणजे गुंतवणूक; वाढीव रक्कम मिळताच त्यांचा विरोध मावळला. पिढ्यान् पिढ्या आंबेमोहोर पिकविणाऱ्या कुळांची गोष्ट निराळी होती. त्यांचे खाचर, ग्रामदैवत, शेजार आणि पूर्वजांच्या स्मृती यांचा आकडा कोणत्याही कागदावर मांडलेला नव्हता. एकाच भूमीचे हे दोन हिशेब होते. बापट दुसऱ्या हिशेबाच्या बाजूने अखेरपर्यंत उभे राहिले.

लढ्यात स्त्रियांनीही तुरुंगवास सोसला. बापटांना वारंवार शिक्षा झाल्या. साथीदार पांगले व शांततेच्या मार्गाने काम थांबेना, तेव्हा १९२४ साली त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडविली. हा मार्ग अनेक सहकाऱ्यांना मान्य नव्हता. बापटांनी मात्र त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि ७ वर्षांची सजा भोगली. धरण पूर्ण झाले, गावे पाण्याखाली गेली. आजही या जलाशयाचे पाणी सह्याद्रीतून खाली भिरा येथे नेऊन वीज निर्माण केली जाते.

लढा हरला, तरी प्रश्न बुडाला नाही. सर्वांच्या सोयीसाठी काही थोड्यांनी घरदार सोडावे, तर त्यांना केवळ पैसा देऊन समाज ऋणमुक्त होतो काय? धरणे आणि प्रकल्प उभे राहताना हाच प्रश्न देशात पुनःपुन्हा विचारला गेला आहे.

सेनापती पुढे गोवा मुक्तिलढ्यात व संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुणे व मुंबई येथील प्रमुख मार्गांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.

भाविकांनी परतीच्या वाटेवर जलाशयाजवळ क्षणभर थांबावे. घरातील दिवा लागतो, त्यामागे कोणाचे तरी शेत आहे, याचे स्मरण ठेवावे. या थोर पुरुषास व जलसमाधी मिळालेल्या गावांना विनम्र अभिवादन!