लोकनायक बापूजी अणे : यशापयशात अविचल

श्रीक्षेत्र कळंब येथे श्री चिंतामणीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांना याच यवतमाळ जिल्ह्यातील एका थोर सुपुत्राचे चरित्र ठाऊक असावे, या हेतूने ही माहिती देत आहोत.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. यवतमाळ येथे वकिली करीत असतानाच लोकमान्य टिळकांचे अनुयायी म्हणून ते राष्ट्रकार्यात उतरले. १९३० साली पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले व कारावास पत्करला. १९३३ साली राष्ट्रसभेचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परंतु पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद होताच, पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी वेगळा पक्ष स्थापन केला. ज्या संस्थेच्या शिखरावर ते पोहोचले होते, तिच्यापासून दूर होताना त्यांनी मनात कटुता ठेवली नाही.

१९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले. जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना हा निर्णय रुचला नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना अटक झाली, तेव्हाही ते पदावर होते. मात्र फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणप्रसंगी सरकारने त्यांची सुटका नाकारली, तेव्हा बापूजींनी त्या मोठ्या पदाचा राजीनामा दिला. पद स्वीकारताना लोकनिंदेची आणि सोडताना मानमरातबाची त्यांनी पर्वा केली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. स्वतंत्र विदर्भ राज्य व्हावे ही त्यांची तळमळ होती. ती १९६० साली महाराष्ट्राच्या स्थापनेने अपुरी राहिली. तरीही ते खचले नाहीत. १९६२ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले.

या साऱ्या धकाधकीत त्यांचा संस्कृतचा व्यासंग कायम राहिला. लोकमान्यांच्या जीवनावर त्यांनी ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीचा पद्मविभूषण सन्मान त्यांना जाहीर झाला होता, तर १९७३ साली या महाकाव्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर लाभला.

पदे आली आणि गेली. मते कधी स्वीकारली गेली, कधी नाकारली गेली. बापूजींची निष्ठा मात्र ढळली नाही. देवदर्शनाहून परतताना भाविकांनी या स्थिरवृत्तीचेही स्मरण ठेवावे.