इमाम गज़ाली (रह.) यांचे आत्मपरीक्षण

वाचकहो, ज्याच्या घरी विद्या, धन आणि मान एकत्र नांदतात, त्याला कशाची उणीव असेल, असे आपणास वाटणे साहजिक आहे. इमाम अबू हामिद गज़ाली (रह.) यांच्याकडे हे सारे होते. १०५८ साली तूस येथे जन्मलेल्या आणि बालपणीच पित्याला मुकलेल्या या विद्वानाला १०९१ मध्ये वजीर निज़ामुल्मुल्क यांनी बगदादच्या निज़ामिया मदरशात अध्यापक नेमले. सुमारे ३०० विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत.

चार वर्षांनी त्यांनी स्वतःची नीयत तपासली. हे अध्यापन अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी की कीर्तीसाठी? उत्तर कटू होते. त्यांनी ते नाकारले नाही. मद्यप्याला आपला दोष ठाऊक असतो. दीन शिकविणाऱ्याला तो आपल्याच शिकवणीत सापडणे किती दुष्कर, याचा विचार करून पाहा.

जवळजवळ सहा महिने ही ओढाताण चालली. सकाळी केलेला निश्चय सायंकाळी ढळे. अखेर वाचाच बसली, अन्न पचेना. विकार मनाचा आहे, असे सांगून वैद्यांनी हात टेकले. तेव्हा अल्लाहला शरण जाऊन त्यांनी मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवले, उरलेले धन वाटून टाकले आणि १०९५ मध्ये बगदाद सोडले. मक्केस जातो असे सर्वांना सांगितले, गेले मात्र दमास्कसला. तेथील उमवी मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसभर चिंतनात बसत. पुढे जेरुसलेम आणि मग हेब्रॉन. तेथे हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या कबरीपाशी त्यांनी शपथ घेतली: राज्यकर्त्यांच्या दरबारी जायचे नाही, त्यांचे धन घ्यायचे नाही आणि वादसभांत उतरायचे नाही. त्यानंतर हज.

लेकरांच्या ओढीने ते घरी परतले. चरित्रकार येथे बहुधा घाई करतात, आपण मात्र थोडे थांबू. घरी ती शांती अखंड राहिली नाही. उदरनिर्वाहाच्या आणि कुटुंबाच्या चिंता एकांत भंग करीत. निर्मळ अवस्था अधूनमधूनच लाभे. 'अल्-मुन्किज़ मिनज़्ज़लाल' या आत्मवृत्तात त्यांनी हे प्रांजळपणे नोंदविले आहे. तरी लाभेल तेवढ्या वेळी ते पुन्हा तिकडेच वळत.

११०६ मध्ये वजिराच्या आग्रहाने त्यांनी निशापूरला पुन्हा अध्यापन स्वीकारले. काम तेच होते, पण आता ते कीर्तीसाठी नव्हते. पुढे तूसला येऊन त्यांनी घराशेजारी मदरसा आणि खानकाह उभारली. बगदादहून त्याच जुन्या पदाचे पुन्हा बोलावणे आले, तेव्हा हेब्रॉनची शपथ आणि तूसचे विद्यार्थी ही कारणे देऊन त्यांनी नकार कळविला. डिसेंबर ११११ मध्ये तूस येथेच ते अल्लाहला प्यारे झाले.